घरी लावलेल्या यंत्रांचा क्लेम नाकारला तर : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

माझे बाबा सीओपीडीचे, म्हणजे फुप्फुसांच्या दीर्घ आजाराचे, जुने पेशंट. आयसीयूतून नवव्या दिवशी घरी आले ते तीन यंत्रं घेऊनच : रात्री लावायचं बायपॅप (मास्कमधून दाबाने हवा देणारं यंत्र), हवेतून ऑक्सिजन वेगळा काढणारा ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर आणि बोटाला लावायचा ऑक्सिमीटर. हॉस्पिटलचं बिल कॅशलेस झालं. यंत्रांचा ३९,६०० रुपयांचा क्लेम मात्र एका ओळीच्या पत्राने परत आला. ते पत्र घेऊन मी चार महिने झगडले. तेव्हापासून नात्यातले, सोसायटीतले, बाबांच्या डॉक्टरांच्या वेटिंग रूममध्ये भेटलेले लोक मला हेच प्रश्न विचारतात, म्हणून उत्तरं एकदाची लिहून काढली. मी वकील नाही. माहिती भारतातल्या आरोग्य विम्याची आहे.

नकाराचं पत्र आलं. सगळ्यात आधी काय करू?

कस्टमर केअरला फोन करून भांडू नका. त्या मुलीच्या हातात काही नसतं आणि तुमच्या हातात कागद येत नाही. पत्रात कलम नंबर शोधा. मग पॉलिसीचं पूर्ण पुस्तक काढा (तीन पानी सर्टिफिकेट नव्हे, चाळीस-पन्नास पानांचं ‘पॉलिसी वर्डिंग’) आणि त्या नंबरचं कलम शब्दन् शब्द वाचा. पुढची सगळी लढाई त्या कलमाशी असते. आजाराशी तिचा फारसा संबंध नाही, हे कळायला मला महिना लागला. पहिल्या अर्जात मी बाबांना किती धाप लागते याचं दीड पान लिहिलं होतं. ते कुणी वाचलं असेल असं वाटत नाही.

पत्रात कलमच नाही, “अटींनुसार देय नाही” एवढंच आहे.

मग तोच तुमचा पहिला मुद्दा. आयआरडीएआयने, म्हणजे विमा कंपन्यांवरच्या सरकारी नियामकाने, २९ मे २०२४ ला आरोग्य विम्याचं मास्टर सर्क्युलर काढलं. त्यानुसार क्लेम पूर्ण नाकारला किंवा अंशतः कापला, तर पॉलिसीच्या नेमक्या कोणत्या अटीवरून, हे कंपनीने कळवायलाच हवं. शिवाय कंपनीच्या प्रॉडक्ट मॅनेजमेंट कमिटीच्या किंवा तिच्या तीन सदस्यांच्या क्लेम्स रिव्ह्यू कमिटीच्या मंजुरीशिवाय क्लेम फेटाळता येत नाही.

तेव्हा ईमेलमध्ये दोनच गोष्टी विचारा : कोणतं कलम, आणि कमिटीची मंजुरी कोणत्या तारखेची. उत्तर आलं तर कलम हाती लागतं. नाही आलं तर ते न येणंच पुढे कामी येतं.

आणखी एक. बऱ्याच जणांना नकार टीपीएकडून एसएमएसवर कळतो. टीपीए हा मधला माणूस, कागद तपासणारा. क्लेम द्यायचा की नाकारायचा हा निर्णय विमा कंपनीचा. त्यामुळे कंपनीच्या लेटरहेडवरचं पत्र मागा.

पण कंपन्या ही यंत्रं नाकारतात तरी का? डॉक्टरांनीच लिहून दिलीत ना?

आपला मेडिक्लेम मुळात ‘हॉस्पिटलात भरती’ या कल्पनेवर उभा आहे. किमान चोवीस तास भरती, त्याआधीचे काही दिवस, त्यानंतरचे काही दिवस. घरी वर्षानुवर्षं वापरायची वस्तू या चौकटीत बसत नाही. म्हणून कित्येक जुन्या पॉलिस्यांत एक लांबलचक कलम असतं : निदानासाठी किंवा उपचारासाठी वापरलेली बाहेरची, टिकाऊ उपकरणं, म्हणजे सीपॅप (झोपेत श्वास अडकू नये म्हणून हवा देणारं यंत्र), इन्फ्यूजन पंप, वॉकर, कुबड्या, पट्टे, ग्लुकोमीटर, थर्मामीटर, “आणि नंतर घरी वापरलं जाणारं कोणतंही वैद्यकीय उपकरण” वगळलेलं आहे. शेवटचे चार-पाच शब्द सगळ्यात घातक. तुमच्या पॉलिसीत ते जसेच्या तसे असतील तर विकत घेतलेल्या यंत्रासाठी अपील जिंकणं अवघड आहे. तुम्हाला उगाच आशा लावत नाही.

दुसरं कारण याद्यांचं. कोणत्या वस्तूचे पैसे द्यायचे नाहीत किंवा कशात धरायचे, याच्या चार याद्या आयआरडीएआयने ठरवून दिल्या आहेत. यादी एकमध्ये ६८ वस्तू आहेत आणि त्यांचे पैसे मिळत नाहीत. रुग्णालयाबाहेर वापरायचा ऑक्सिजन सिलिंडर, नेब्युलायझर किट, स्पायरोमीटर, थर्मामीटर, मास्क वगैरे त्यात आहेत. यादी चारमध्ये १८ गोष्टी आहेत आणि त्या ‘उपचाराच्या खर्चात धरायच्या’ आहेत. बायपॅप मशीन, सीपॅप, इन्फ्यूजन पंप, ग्लुकोमीटर आणि त्याच्या पट्ट्या या यादी चारमध्ये येतात.

या दोन याद्यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे, आणि पत्र लिहिणारा क्लार्क तो हमखास विसरतो. यादी चारचा अर्थ एवढाच की हॉस्पिटलने बायपॅपचे वेगळे पैसे लावू नयेत, ते उपचाराच्या दरात धरावेत. बायपॅप हा उपचारच नव्हे, असं ती यादी कुठेही म्हणत नाही. बाबांच्या पत्रात “यादी १ नुसार बायपॅप देय नाही” असं चक्क चुकीचं लिहिलं होतं. अपिलात मी पहिला घाव तिथेच घातला.

मग कोणत्या यंत्रासाठी भांडण्यात अर्थ आहे?

माझ्या अनुभवावरून आणि इतरांची पत्रं वाचून सांगते.

डिस्चार्जनंतर भाड्याने घेतलेलं बायपॅप, कॉन्सन्ट्रेटर किंवा मल्टीपॅरा मॉनिटर : अर्थ आहे. ज्या आजारासाठी भरती झाली त्याच आजारासाठी, डिस्चार्जनंतरच्या ठरलेल्या दिवसांत (बहुतेक पॉलिस्यांत ६० किंवा ९०), डॉक्टरांच्या लेखी सल्ल्याने झालेला खर्च असेल तर तो ‘पोस्ट-हॉस्पिटलायझेशन’मध्ये मागता येतो. पॉलिसीत वर सांगितलेलं ‘घरी वापरलं जाणारं’ कलम नसेल तर बाजू भक्कमच.

होल्टर किंवा घरी लावून पाठवलेला ईसीजी रेकॉर्डर : डिस्चार्जनंतर लावला असेल तर चांगली संधी. ही तपासणी आहे. वस्तू तुमच्याकडे राहतच नाही. तरी ती ‘उपकरण’ म्हणून नाकारलेली मी पाहिली आहे. बिलावर ‘चोवीस तासांची होल्टर तपासणी आणि अहवाल’ असे शब्द आणून घ्या.

शुगरचा सतत मोजणारा सेन्सर, म्हणजे सीजीएम : इथे मन खट्टू होतं. टाइप १ मधुमेह असलेल्या मुलाच्या आईला दर चौदा दिवसांनी नवा सेन्सर लागतो, एकेकाला चार-पाच हजार. वर्षाला सव्वीस. साध्या मेडिक्लेममधून हे मिळणं जवळजवळ अशक्य, कारण भरतीच नाही. पॉलिसीत ओपीडी कव्हर असेल आणि त्यात ‘निदान’ किंवा ‘उपकरणे’ असे शब्द असतील, किंवा मूल किटोअॅसिडोसिसने (मधुमेहात रक्तात आम्ल साठून होणाऱ्या गंभीर त्रासाने) भरती होऊन घरी आल्यावर डिस्चार्ज समरीत सीजीएम लिहिलेला असेल, तर त्या मुदतीतल्या सेन्सरपुरतं अपील करा. एरवी शक्ती वाचवा.

घरचं बीपी मशीन, ऑक्सिमीटर, ग्लुकोमीटर, थर्मामीटर : सोडून द्या. हजार-पंधराशे रुपयांच्या ऑक्सिमीटरसाठी अख्खा क्लेम ‘उपकरणे’ म्हणून एका पिशवीत बांधला जातो आणि सगळंच बुडतं. मी ही चूक केली होती.

कोविडच्या वेळी तर ऑक्सिमीटरचे पैसे मिळत होते की!

मिळत होते, पण ठरावीक पॉलिसीत. जुलै २०२० पासून मिळू लागलेल्या ‘कोरोना कवच’ या प्रमाणित पॉलिसीत घरी चौदा दिवसांपर्यंतच्या उपचाराचा भाग होता आणि त्यात पल्स ऑक्सिमीटर, ऑक्सिजन सिलिंडर, नेब्युलायझर यांचा खर्च नाव घेऊन लिहिलेला होता. ते कलम तुमच्या आजच्या पॉलिसीला लागू होत नाही.

‘डोमिसिलरी’ आणि ‘होम केअर’ एकच का?

नाही, आणि एजंटसुद्धा गोंधळतात. डोमिसिलरी म्हणजे एरवी भरतीच करावं लागलं असतं, पण पेशंट हलवण्याच्या अवस्थेत नाही किंवा हॉस्पिटलात जागा नाही, म्हणून घरी झालेले उपचार. यात सहसा तीन दिवसांची अट असते, आणि जुन्या पॉलिस्यांत दमा, ब्राँकायटिस, मधुमेह, रक्तदाब असे आजार यातून वगळलेले असतात. बाबांचा आजार नेमका तिथेच अडकला असता. होम केअर म्हणजे भरती शक्य असूनही डॉक्टरांच्या देखरेखीखाली, रोजच्या नोंदी ठेवून, घरी घेतलेले उपचार. हे कव्हर नव्या पॉलिस्यांत असतं, पण बहुधा आधी परवानगी घ्यावी लागते आणि कंपनीने नेमलेल्या सेवेकडूनच घ्यावं लागतं. अपील करताना चुकीचं नाव लिहिलंत तर त्या नावाच्या अटी तुमच्या गळ्यात पडतात.

डॉक्टरांचं पत्र कसं हवं?

यावर वेळ घालवा. अपिलातला सगळ्यात वजनदार कागद हाच.

बाबांच्या डिस्चार्ज समरीत लिहिलं होतं : “बायपॅप ॲट नाइट, एसओएस.” डॉक्टर मंडळी एसओएस सवयीने लिहितात, ‘लागेल तेव्हा’ या अर्थाने. कंपनीच्या डॉक्टरने त्याचा अर्थ काढला, ‘नसलं तरी चालेल’. तीन अक्षरांनी वीस हजारांचं भाडं अडकलं. आमच्या छातीच्या डॉक्टरांना हे दाखवलं तेव्हा त्यांनी कपाळाला हात लावला आणि नव्या पत्रात लिहून दिलं : रोज रात्री किमान सहा तास, डिस्चार्जपासून आठ आठवडे, न वापरल्यास कार्बन डायऑक्साइड साठून पुन्हा भरती करावी लागण्याचा धोका. सोबत भरतीच्या वेळच्या एबीजी (रक्तातल्या वायूंची तपासणी) रिपोर्टचे आकडे.

आकडे हवेतच. घरच्या ऑक्सिजनसाठी : विश्रांतीत, साध्या हवेवर, ऑक्सिजन ८८ टक्के किंवा त्याखाली, किंवा एबीजीत ५५ किंवा कमी. बायपॅपसाठी : कार्बन डायऑक्साइड ४५ च्या वर किती होता. स्लीप ॲप्नियासाठी : ताशी किती वेळा श्वास अडकतो तो एएचआय. १५ ते ३० मध्यम, ३० च्या वर तीव्र. शुगर सेन्सरसाठी : ५४ च्या खाली किती वेळा गेली, बेशुद्धी आली का, रात्री गेली का.

पत्रातले शब्द पॉलिसीतल्या ‘मेडिकली नेसेसरी ट्रीटमेंट’च्या व्याख्येशी जुळवून घ्या. ती व्याख्या सगळ्या कंपन्यांची सारखीच आहे : आजाराच्या उपचारासाठी गरजेचं, गरजेपेक्षा जास्त नाही, डॉक्टरने लिहून दिलेलं, आणि वैद्यकशास्त्रात मान्य असलेलं. डॉक्टरांना व्याख्येची झेरॉक्स द्या. ते ओशाळत नाहीत, उलट काम सोपं होतं.

आणि बायपॅपमध्ये एसडी कार्ड असतं. दुकानदाराकडून त्याचा वापराचा रिपोर्ट काढून घ्या. बाबांचा रिपोर्ट सरासरी साडेसहा तासांचा निघाला. “एसओएस”ला त्याहून चांगलं उत्तर नव्हतं.

बिलांचं काय?

भाड्याच्या दुकानांची बिलं हा वेगळाच ताप आहे. आमच्याकडच्या दुकानदाराने वहीच्या कागदावर ‘मशीन – ६०००’ असं लिहून दिलं होतं. जीएसटी क्रमांकाचं बिल घ्या. त्यावर पेशंटचं नाव, यंत्राचा प्रकार आणि सीरियल नंबर, भाडं कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत, हे सगळं हवं. डिपॉझिट वेगळ्या पावतीवर घ्या, कारण ते परत मिळणार असतं आणि क्लेममध्ये धरता येत नाही. मी धरलं होतं, पंधरा हजार. अपिलात स्वतःहून काढून टाकलं. चूक मान्य केली की बाकीच्या मागणीला वजन येतं, असं मला तरी वाटतं.

पैसे यूपीआयने द्या. बँकेचं स्टेटमेंट पुरावा होतं.

अपील कुणाला पाठवायचं आणि त्यात काय लिहायचं?

कंपनीच्या ‘ग्रीव्हन्स रिड्रेसल ऑफिसर’ला, ईमेलने आणि स्पीड पोस्टने. पत्ता पॉलिसी पुस्तकाच्या शेवटच्या पानांत असतो. एक पान, फार तर दीड. माझ्या पत्राचा मधला भाग असा होता :

“आपल्या पत्रात बायपॅप ‘यादी १’ मध्ये असल्याचे म्हटले आहे. ते बरोबर नाही. बायपॅप ‘यादी ४’ मध्ये असून ती यादी रुग्णालयाच्या बिलासंबंधी आहे. माझी मागणी पॉलिसीतील डिस्चार्जनंतरच्या ६० दिवसांच्या खर्चाच्या कलमाखाली आहे. खर्च भरतीच्या आजारासाठीच, तज्ज्ञांच्या लेखी सल्ल्याने आणि मुदतीत झाला आहे. यंत्र विकत घेतलेले नाही. पॉलिसीत भाड्याचा खर्च वगळणारे कलम मला आढळले नाही. असल्यास त्याचा क्रमांक कळवावा. डिपॉझिट व ऑक्सिमीटरची रक्कम मी मागे घेत आहे. उर्वरित २३,२०० रुपये मंजूर करावेत.”

खाली जोडलेल्या कागदांची क्रमवार यादी. विनवणी नाही, धमकी नाही. “ग्राहक कोर्टात खेचीन” हे वाक्य रोज शंभर जण लिहितात.

किती दिवस वाट पाहायची?

दोन आठवड्यांत उत्तर यायला हवं. नाही आलं किंवा पुन्हा नकार आला तर आयआरडीएआयच्या ‘बीमा भरोसा’ पोर्टलवर तक्रार टाका, किंवा १५५२५५ वर फोन करा. इथे एक गैरसमज आहे : आयआरडीएआय तुमचा निवाडा करत नाही. तक्रार कंपनीकडेच जाते, फक्त नोंद राहते. पण नोंदीमुळे फाइल वरच्या टेबलावर जाते. माझं निम्मं काम तिथेच झालं.

विमा लोकपालाकडे कधी जायचं?

लोकपाल म्हणजे विमा कंपनीविरुद्धच्या तक्रारींवर निवाडा देणारा अधिकारी. त्याच्याकडे जायचं ते कंपनीने अपील फेटाळल्यावर, किंवा अपील पोचून एक महिना झाला तरी उत्तर नसेल तेव्हा. त्यापुढे एक वर्षाची मुदत असते. फी नाही. ५० लाखांपर्यंतचे दावे चालतात. २०१७ च्या विमा लोकपाल नियमांनी ही व्यवस्था चालते. पुण्यात आणि मुंबईत कार्यालयं आहेत. तुमचा जिल्हा कुठे येतो ते विमा लोकपाल परिषदेच्या संकेतस्थळावर दिसतं, तक्रारही तिथेच ऑनलाइन भरता येते.

तक्रार पॉलिसीधारकाने स्वतः, किंवा वारस, नॉमिनी यांनी करायची. वकील चालत नाही. याला लोक घाबरतात, मला ती मोठी सोय वाटते, कारण समोर कंपनीचाही वकील नसतो, अधिकारी असतो. सुनावणी व्हिडिओवरही होते. तुम्हाला बोलायला काही मिनिटंच मिळतात. तेव्हा तीन वाक्यं पाठ करून जा : काय मागितलं, कोणत्या कलमाखाली, कंपनीचं कारण का चुकीचं.

लागणारे सगळे कागद पोचल्यापासून तीन महिन्यांत निवाडा द्यायचा असतो. तो कंपनीवर बंधनकारक असतो, तुमच्यावर नाही. पटला नाही तर ग्राहक आयोगाचा रस्ता उघडाच राहतो. निवाडा मिळाल्यापासून ३० दिवसांत कंपनीने पाळायचा. नाही पाळला तर २०२४ च्या सर्क्युलरप्रमाणे दिवसाला ५,००० रुपये तक्रारदाराला द्यावे लागतात. ही ओळ निवाड्यानंतरच्या पहिल्या ईमेलमध्ये जरूर टाका.

एकच पथ्य : तोच विषय आधीच कोर्टात किंवा ग्राहक आयोगात असेल तर लोकपाल तो घेत नाही. म्हणून क्रम उलटा करू नका.

लोकपालासमोर कंपनीने भलतंच नवं कारण काढलं. चालतं का?

सर्वोच्च न्यायालयाने २०१९ च्या सौराष्ट्र केमिकल्सच्या प्रकरणात सांगितलं आहे की नकाराच्या पत्रात न दिलेलं कारण कंपनीला नंतर पुढे करता येत नाही. आगीच्या विम्याचं प्रकरण होतं, पण तत्त्व तेच. म्हणून ते पहिलं पत्र प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये जपून ठेवा.

आणि कलमाचे दोन अर्थ निघत असतील तर? मसुदा कंपनीने लिहिला, तेव्हा शंकेचा फायदा विमाधारकाला, ही भूमिका न्यायालयांनी वर्षानुवर्षं घेतली आहे. २००४ च्या पुष्पालय प्रिंटर्स निकालात ती स्पष्ट आहे. ‘उपकरणाची किंमत’ वगळली असेल तर ‘भाडं’ त्यात येतं का, हा असाच दुहेरी अर्थाचा प्रश्न.

“आधीचा आजार लपवला” म्हणून नाकारलं आहे.

मग यंत्राचा मुद्दा बाजूला ठेवून आधी हा सोडवा. सलग ६० महिने पॉलिसी चालू असेल तर, सिद्ध झालेली फसवणूक सोडून, माहिती दडवल्याच्या कारणावरून क्लेम नाकारता येत नाही. ही मुदत आधी आठ वर्षं होती, २०२४ मध्ये पाच झाली. पोर्टेबिलिटीने कंपनी बदलली असेल तर जुन्या कंपनीची वर्षंही मोजा. लोक हमखास विसरतात.

घरी केलेली स्लीप स्टडी (झोपेतल्या श्वासाची तपासणी) नाकारली.

बहुधा पॉलिसीतल्या वगळलेल्या गोष्टींच्या यादीतला कोड ०४ लावला असेल : केवळ तपासणीसाठीची भरती वगळलेली. पण त्याच कोडचा दुसरा भाग वाचा. जी तपासणी चालू निदानाशी आणि उपचाराशी *संबंधित नाही*, ती वगळलेली आहे. हार्ट फेल्युअरने भरती झालेल्या माणसाची डिस्चार्जनंतर डॉक्टरांनी त्याच संदर्भात स्लीप स्टडी करायला सांगितली असेल, तर ती असंबंधित कशी? घोरणं वाढलं म्हणून आपणहून केली असेल तर मात्र विसरा.

कंझ्युमेबल्सचा (वापरून टाकायच्या वस्तूंचा) रायडर, म्हणजे जोडकव्हर, घेतला होता, तरी नाकारलं!

तो रायडर बहुतेक वेळा हॉस्पिटलच्या बिलातल्या हातमोजे-मास्कसाठी असतो, घरच्या वस्तूंसाठी नाही. विकताना हे कुणी सांगत नाही.

नोकरीच्या ठिकाणची ग्रुप पॉलिसी आहे.

एचआरला गाठा, आणि लवकर. ग्रुप पॉलिसीच्या अटी कंपनी-कंपनीत ठरतात आणि काही मालक वेगळा ‘कॉर्पोरेट बफर’, म्हणजे राखीव जादा रक्कम, ठेवतात. त्यातून अशी यंत्रं मंजूर होतात. लोकपालाकडे ग्रुपवालेही जाऊ शकतात.

केंद्र सरकारी निवृत्तांचं? आणि जनआरोग्य योजनेचं?

सीजीएचएसचे (केंद्र सरकारी आरोग्य योजनेचे) नियम वेगळे आणि या बाबतीत उदार आहेत : सीपॅप, बायपॅप, कॉन्सन्ट्रेटर यांसाठी ठरावीक मर्यादेत मंजुरी मिळते, पण आधी परवानगी घ्यावी लागते. वेलनेस सेंटरला विचारल्याशिवाय विकत घेऊ नका. आयुष्मान भारत किंवा महात्मा फुले योजनेत पॅकेज हॉस्पिटलमधल्या उपचाराचं असतं, घरच्या यंत्राचं नाही. अडचण आली तर हॉस्पिटलमधल्या आरोग्यमित्राकडे लेखी द्या.

मी अमेरिकेत आहे, आईबाबा नाशिकला. मी अपील करू शकते का?

मसुदा तुम्ही लिहा, सही आणि ईमेल पॉलिसीधारकाचा. पॉलिसीधारक तुम्हीच असाल तर प्रश्न नाही. तिकडचे नियम मात्र इकडे लावू नका. तिकडे नकारानंतर १८० दिवसांत अंतर्गत अपील आणि मग चार महिन्यांत बाहेरच्या तज्ज्ञांकडून फेरतपासणी मागता येते, आणि मुद्दा बहुतेक वेळा वैद्यकीय गरजेचा असतो. इकडे मुद्दा कलमाचा. माझ्या मावसबहिणीने तिकडून पाठवलेला सहा पानी मसुदा वैद्यकीय शोधनिबंधांनी भरलेला होता. वाचायला उत्तम, उपयोगाला शून्य.

ग्राहक आयोगात जायचं का?

रक्कम मोठी असेल किंवा लोकपालाचा निवाडा विरुद्ध गेला असेल तर. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ प्रमाणे तुम्ही राहता त्या जिल्ह्याच्या आयोगात तक्रार करता येते, दोन वर्षांच्या आत. मोजायची रक्कम म्हणजे तुम्ही भरलेला मोबदला, इथे हप्ता. तो पाच लाखांपर्यंत असेल तर फी नाही. तारखा लांबतात. वीस हजारांसाठी मी गेले नसते. १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला मात्र फोन करून बघायला काही लागत नाही.

कंपनीने निम्मे पैसे देऊन ‘पूर्ण व अंतिम’ वर सही मागितली.

घाई करू नका. ईमेलने कळवा की ही रक्कम हरकत राखून स्वीकारत आहे. सही होऊन गेली असेल तरी सगळं संपत नाही. १९९९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अजमेर सिंग कॉटन प्रकरणात म्हटलं आहे की दबावाने किंवा फसवून घेतलेल्या सहीने ग्राहकाचा हक्क जात नाही. पण मग दबाव होता हे तुम्हाला दाखवावं लागतं, आणि ते कटकटीचं असतं.

“क्लेम मिळवून देतो, वीस टक्के द्या” असे फोन येतात.

वर लिहिलेलं सगळं ते करतात, तुमच्याच कागदांवर. लोकपालासमोर ते उभे राहू शकत नाहीत, जावं तुम्हालाच लागतं.

तुमच्या बाबांच्या क्लेमचं शेवटी काय झालं?

बीमा भरोसावर नोंद झाल्यावर अकराव्या दिवशी फोन आला, आणि पुढच्या आठवड्यात २०,००० रुपये खात्यात आले : दोन महिन्यांचं बायपॅप आणि कॉन्सन्ट्रेटरचं भाडं. मास्कचे ३,२०० कापले, कारण ‘मास्क’ यादी एकमध्ये आहे. तो मास्क साध्या नाकातोंडावरच्या कापडी मास्कसारखा नाही. त्याच्याशिवाय बायपॅप म्हणजे नुसता वारा घालणारा डबा. यावर लोकपालाकडे जायचा मसुदा तयार आहे आणि वर्षाची मुदत अजून सात महिने बाकी आहे. बाबा म्हणतात, जाऊ दे. मी अजून ठरवलेलं नाही.